सोळा एमएमची नळी आणि समुद्राखालची केबल

द्राक्षाची फळछाटणी चार दिवसांवर आलेली आणि तात्यांच्या बोअरची मोटर बसली. स्टार्टर दाबला की ट्रिप, पुन्हा दाबला की पुन्हा ट्रिप. तासगाव तालुक्यात या दिवसांत मोटर बसणं म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री आचारी पळून जाण्यासारखं. मिस्त्री आले, त्यांनी पाइप ओढायची घोडी उभी केली, चेनपुली लावली आणि साडेचारशे फुटांवरून एकेक पाइप वर यायला लागला. पाइपाला जागोजागी बांधलेली चपटी वायर, शेजारून नायलॉनचा दोर. सगळ्यात शेवटी मोटर आली. मिस्त्रींनी मोटरकडे बघितलंच नाही. आधी वायरचा जॉइंट हातात घेतला आणि टेप सोलली. आत पाणी.

“मोटर चांगली हाय, तात्या. जॉइंटात पानी घुसलंय.”

२०२५ चा सप्टेंबर होता. त्याच आठवड्यात लाल समुद्रात, जेद्दाजवळ, इंटरनेटच्या केबली तुटल्याची बातमी आली होती आणि तात्यांचा पुण्यातला नातू नेट हळू चाललंय म्हणून फोनवर कुरकुरत होता. तात्यांनी दोन्ही दुखणी एकत्र केली.

“आरं, समुद्रात वायर टाकत्यात म्हंजे काय? हितं बोअरात आपली टिकंना. आन त्या खाऱ्या पान्यात, एवढ्या खोल? कशाची बनवत्यात ती?”

मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रिकल शिकवतो, त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. उत्तर शोधत इकडंतिकडं बघितलं तर लक्षात आलं, दाखवायला लागणारं जवळजवळ सगळं सामान बागेतच पडलंय. ठिबकची काळी नळी, मंडपाची जीआय तार, मोटरची तांब्याची वायर, खताच्या पोत्याचं विणलेलं कापड. राहता राहिली काच, तर ती तात्यांच्या नाकावर चष्म्यात होती.

खोल समुद्रात टाकतात ती इंटरनेटची केबल फक्त १७ ते २० मिलिमीटर जाडीची असते. आपली ठिबकची लॅटरल १६ एमएम. म्हणजे हातात घेतली तर जवळपास तेवढीच, तशीच काळी आणि वरून त्याच जातीच्या प्लास्टिकची. तात्यांचा यावर विश्वास बसला नाही. त्यांच्या मनात मांडीएवढा जाड लोखंडी साप होता. तसा साप असतो, पण तो किनाऱ्याजवळ. खोल पाण्यात केबल बारीक होत जाते आणि माणसाच्या वाऱ्याला आली की जाड होते. हे असं उलटं का, ते कळलं की कुठल्या थराला कुठला माल लावायचा हा निम्मा प्रश्न सुटतो.

आतून सुरुवात करू. केबलचं खरं काम करते ती काच. माणसाच्या केसासारखा बारीक, १२५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याचा काचेचा धागा आणि त्यातून धावणारा प्रकाश. ही काच चष्म्याची किंवा खिडकीची नव्हे. खिडकीची काच कडेनं बघा, हिरवट दिसते, कारण तिच्यात लोखंडाचा अंश असतो. समोरून बघताना दोन-चार मिलिमीटरमध्ये ते जाणवत नाही, पण प्रकाशाला किलोमीटरच्या किलोमीटर जायचं असेल तर तो अंशही फार झाला. चार्ल्स काओ या शास्त्रज्ञानं १९६६ मध्ये मांडलं ते हेच: प्रकाश काचेमुळे अडत नाही, काचेतल्या घाणीमुळे अडतो. घाण काढा, मग बघा. या कामासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आजच्या फायबरमध्ये, म्हणजे या काचेच्या धाग्यात, प्रकाश १५ किलोमीटर गेल्यावर निम्मा उरतो, आणखी चांगल्या प्रतीच्या काचेत २० किलोमीटरला. साठ ते शंभर किलोमीटरवर एक रिपीटर बसवून तो पुन्हा ताजा करायचा आणि पुढं धाडायचा.

काच निवडली की बाकीचा सगळा माल काचेचे नखरे सांभाळण्यासाठी निवडावा लागतो. काचेला ताण चालत नाही. एकदम ओढल्यावर ती चिवट निघते, पण वर्षानुवर्षं थोडा थोडा ताण आणि सोबत पाण्याचा अंश मिळाला की पृष्ठभागावरच्या नजरेला न दिसणाऱ्या चिरा हळूहळू लांबत जातात आणि एक दिवस धागा तुटतो. म्हणून धाग्यावर प्लास्टिकचा पातळ लेप देतात आणि तो पोलादाच्या बारीक नळीत सैल सोडतात, नळीपेक्षा किंचित लांब ठेवून. केबल ताणली तरी आतला धागा ताणू नये म्हणून. नळीत जेलीसारखा लगदा भरलेला असतो. आपण लोणच्याच्या बरणीत वरपर्यंत तेल ठेवतो, हवेला जागा राहू नये म्हणून, तसंच काहीसं.

दुसरा नखरा जास्त विचित्र आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. काचेला हायड्रोजन चालत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं की काही फायबर वापरात असताना हळूहळू ‘काळवंडतात’, प्रकाश जास्त खायला लागतात. डोळ्याला काळं दिसत नाही, पण ज्या अदृश्य प्रकाशावर केबल चालते त्याला ते दिसतं. कारण शोधलं तर हायड्रोजन. तो सगळ्यात लहान वायू, काचेतसुद्धा शिरतो. आणि तो येतो कुठून? केबलच्याच धातूंमधून. जस्त आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी शेजारी आले की गंजण्याच्या क्रियेत हायड्रोजन सुटतो. म्हणजे जो धातू संरक्षणासाठी लावला, त्याच्याच गंजातून निघालेला वायू आतल्या काचेला आंधळी करतो.

दोन धातू एकमेकांना कसे खातात हे द्राक्षवाल्याला शिकवायला नको. बोर्डोची फवारणी करताना मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, लोखंडी भांड्यात कोणी भिजवत नाही, प्लास्टिकच्या पिंपातच भिजवतात. मोरचुदाच्या पाण्यात खुरपं विसरलं तर सकाळी त्यावर तांबूस थर चढलेला असतो आणि लोखंड खाल्लेलं असतं. समुद्राच्या पाण्यात हाच खेळ सतत चालू. म्हणून केबलमध्ये कुठल्या धातूशेजारी कुठला धातू आणि मध्ये पडदा कसला, हे ठरवणं धातूच्या ताकदीइतकंच महत्त्वाचं. हायड्रोजन अडवायला पडदा लागतो तो तांब्याचा. काचेचा धागा असलेली नळी आणि तिच्या बाजूच्या पोलादी तारा यांच्याभोवती तांब्याची पट्टी गुंडाळून, जोड वेल्डिंग करून अखंड नळी करतात. या तांब्याचं दुसरं काम वीज वाहण्याचं, त्याकडे नंतर येतो.

आता पोलाद. मिस्त्रींनी वायरशेजारून नायलॉनचा दोर का सोडला होता? कारण मोटरचं वजन वायरवर येऊ द्यायचं नसतं. वजन पाइप आणि दोर पेलतात, वायर नुसती सोबत जाते. समुद्रात अशी चैन नाही. जहाजावरून केबल सोडताना तळापर्यंतचा सगळा लोंबता भाग तिला स्वतःच पेलावा लागतो. पाण्यातलं तिचं वजन मीटरला अर्धा किलो धरू. चार किलोमीटर खोली असेल तर दोन टन, आठ किलोमीटर असेल तर चार टन, तेही एका बोटाएवढ्या जाड नळीवर. अशा केबलची तुटण्याची ताकद साधारण सहा-सात टन. म्हणजे हिशेब जमतो, पण ऐसपैस नाही.

“मग जरा जास्त लोखंड घालायचं की.” तात्या.

हा प्रश्न मी परीक्षेत घालतो आणि निम्मी मुलं चुकतात. पोलाद दुप्पट केलं तर ताकद दुप्पट होते, पण वजनही दुप्पट होतं. ज्या लांबीला आधीची केबल स्वतःच्या वजनानं तुटत होती, त्याच लांबीला नवीही तुटते. जाडी वाढवून खोली जिंकता येत नाही. त्यासाठी दोनच वाटा: त्याच वजनात जास्त ताकदीचं पोलाद आणणं, किंवा पोलाद सोडून बाकीचं सगळं हलकं करणं. म्हणून आतल्या तारा साध्या लोखंडाच्या नसतात, खूप ओढून कडक केलेल्या, पियानोच्या तारेच्या जातीच्या असतात. आणि म्हणूनच खोल पाण्यातल्या केबलवर बाहेरून चिलखत नसतं. तिथं चिलखत म्हणजे नुसता भार.

या तारा आणखी एक काम करतात. दर १० मीटर पाण्याला एक वातावरणाचा दाब वाढतो. तात्यांच्या मोटरवर फार तर दहा-बारा वातावरणांचा दाब असेल. चार किलोमीटरवर तो चारशे होतो, म्हणजे अंगठ्याच्या नखावर चारशे किलोचा माणूस, असला तर. काचेचा धागा असलेली नळी चेपली तर सगळं संपलं. पण तारा नळीभोवती अशा गच्च बसवतात की बाहेरून दाब आला की त्या एकमेकींवर रेटतात आणि वर्तुळ आणखी घट्ट होतं. आपल्या जुन्या दगडी विहिरीचं गोल बांधकाम असंच टिकतं. चहूकडून माती दाबते, दगड एकमेकांना धरतात, आत कोणी पडत नाही. चौकोनी बांधलेली विहीर ढासळते ती बहुतेक वेळा भिंतीच्या मध्यावर.

खरं तर केबल टाकण्यापेक्षा ती परत वर काढणं अवघड असतं, आणि साहित्य निवडताना हीच गोष्ट निर्णायक ठरते असं माझं मत आहे. तळावर निवांत पडलेल्या तारेला काहीच सोसायचं नसतं. पण बिघाड झाला तर आकडा टाकून तिला चार किलोमीटर वर ओढायची. हा धडा पहिल्यांदा महागात शिकला गेला १८६५ मध्ये. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं जहाज अटलांटिकमध्ये केबल सोडत चाललं होतं. सुमारे बाराशे मैल केबल सोडून झाल्यावर दोष दुरुस्त करायला ती मागं ओढत असताना तुटली आणि तीन किलोमीटरहून जास्त खोल गेली. आकडे टाकले, केबल सापडलीही, पण वर येता येता ओढायचा दोरच तुटला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शेवटी सोडून परतले. पुढच्या वर्षी, १८६६ मध्ये, नवी केबल यशस्वी झाली आणि मग त्यांनी जाऊन जुनीही शोधून काढली, वर ओढली, जोडली आणि पूर्ण केली. बोअरमध्ये पडलेली मोटर काढायला आकडा टाकून बसलेल्या माणसाला या गोष्टीतली चिकाटी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हेच जहाज १८७० मध्ये मुंबईत होतं. तिथून निघून त्यानं एडनपर्यंत केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालून लंडनशी जोडली गेली. तेव्हा फायबर नव्हतं, तांब्याच्या तारेतून तारायंत्राचे ठोके जायचे. आणि त्या तारेवरचं इन्सुलेशन? इथं या विषयातली सगळ्यात रंगीत गोष्ट येते.

पाण्यात तार टाकायची तर तिच्यावर असं काहीतरी हवं की पाणी आत जाणार नाही आणि वीज बाहेर जाणार नाही. कोलकात्यात विल्यम ओ’शॉनेसी यांनी १८३९ मध्ये हुगळी नदीत तार टाकली, तेव्हा डांबरात भिजवलेला दोरा आणि चिरलेल्या वेताचं आवरण वापरलं. प्रयोगापुरतं चाललं. रबर करून बघितलं, ते कुजतं. मग मलाया भागातल्या एका झाडाचा चीक युरोपात पोहोचला, त्याचं नाव गटापर्चा. ज्यांचं रूट कॅनल झालंय त्यांच्या दाढेत तो आजही भरलेला आहे, डेंटिस्ट अजून हाच वापरतात. गरम पाण्यात धरला की पिठासारखा मऊ, हवा तसा तारेवर चढवता येतो, आणि थंड झाला की टणक. गंमत म्हणजे रबर आणि गटापर्चा यांचा कच्चा माल एकच, एकाच रेणूच्या लांब साखळ्या. फक्त साखळीतल्या कड्या कुठल्या बाजूला वळल्यात एवढाच फरक. तेवढ्यावर एक लवचीक होतो आणि कुजतो, दुसरा टणक होतो आणि समुद्राखाली दशकं काढतो.

एक अट मात्र होती: ऊन लागता कामा नये. उन्हात आणि हवेत गटापर्चा बिघडतो, अंधाऱ्या, थंड समुद्रतळावर तो खूश असतो. १८५८ ची पहिली अटलांटिक केबल जेमतेम तीन आठवडे चालली. तिच्या मरणाचं खापर बहुतेक वेळा केबल कंपनीचे इलेक्ट्रिशियन वाइल्डमन व्हाइटहाउस यांच्यावर फोडलं जातं. संदेश नीट जाईना म्हणून त्यांनी तिच्यावर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब लावला. पण ती केबल टाकण्याआधीच आजारी होती. बाहेर उन्हात पडून राहिल्यानं तिचा गटापर्चा काही ठिकाणी मऊ पडला होता आणि तांब्याची तार मध्यातून एका बाजूला सरकली होती. मोटर वाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात हेच ऐकायला मिळेल: व्होल्टेज दोष तयार करत नाही, असलेला दोष उघडा पाडतं.

त्याच केबलनं आणखी एक शिकवलं. विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी वेगवेगळ्या कारखान्यांचं तांबं मोजलं तर सगळं दिसायला सारखं, पण वीज वाहण्यात जमीन-अस्मानाचा फरक. थोड्याशा भेसळीनं तांबं मार खातं. तेव्हापासून केबलच्या करारात तांब्याची शुद्धता मोजून घ्यायची अट आली. आज आपण दुकानात ‘शंभर टक्के कॉपर’ म्हणून छापलेली वायर विश्वासावर घेतो. थॉमसननी घेतली नसती.

गटापर्चाचे शत्रू पाण्यातही होते. उबदार समुद्रात टेरेडो नावाचा प्राणी असतो. नाव जहाजकिड्याचं, पण आहे शिंपल्याच्या कुळातला. तो लाकूड पोखरतो आणि त्याला गटापर्चाही चालायचा. मग तारेवर पितळेची पातळ पट्टी गुंडाळायला लागले. बागेत खारी लॅटरल कुरतडतात, कोणी त्यांना पाणी ठेवून बघतं, कोणी नळी जमिनीत गाडतं. इथं पितळ. पुढं १९८० च्या दशकात नव्या फायबर केबलला शार्कनी चावल्याच्या खुणा सापडल्या आणि पोलादी पट्टी आली. शार्कची गोष्ट वर्तमानपत्रांना फार आवडते, पण एकूण बिघाडांत त्यांचा वाटा नगण्य आहे.

गटापर्चाचा खरा अंत केला तो मागणीनं. चीक काढायला झाड तोडावंच लागायचं आणि हजारो मैलांच्या केबलींसाठी मलायाची जंगलं साफ होत गेली. सुटका झाली एका प्रयोगशाळेत. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे वेगळाच प्रयोग करत होते आणि भांड्यात पांढरा मेणासारखा पदार्थ राहिला. तो पॉलिइथिलीन. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलींना तो लागला आणि १९५६ मध्ये टाकलेल्या पहिल्या अटलांटिक टेलिफोन केबलचं इन्सुलेशन त्याचंच होतं. आपली ठिबकची नळी त्याच घराण्यातली.

“पन ही नळी तर चार-पाच वर्षांत चिरती.”

चिरते, कारण तिला ऊन, खत, ॲसिड आणि खारी आहेत. काळा रंगही उन्हासाठीच असतो, त्यात काजळीसारखा कार्बन मिसळलेला असतो, तो ऊन अडवतो. समुद्रतळावर ऊन नाही, पाणी दोन-चार अंशांवर थंड, लाटा वरच राहतात. प्लास्टिकला यापेक्षा सुखाचं घर नाही. आणि पॉलिइथिलीन पाणी जवळजवळ पीतच नाही. घरातल्या वायरींचं पीव्हीसी का नाही चालत? पीव्हीसी मुळात कडक असतं, मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायनं घातलेली असतात. ती हळूहळू निघून जातात आणि ते कडक होतं. वर ते पॉलिइथिलीनपेक्षा जड. घरात चालून जातं. जिथं पंचवीस वर्षं हात लावायचा नाही, तिथं नाही.

या प्लास्टिकवर जोर केवढा असतो, तर पंधरा हजार व्होल्टपर्यंत. काचेतल्या प्रकाशाला विजेची गरज नाही, पण रिपीटरला आहे, आणि समुद्राच्या मध्ये डीपी नाही. म्हणून किनाऱ्यावरून तांब्याच्या नळीतून एक अँपिअरच्या आसपास डीसी करंट सोडतात. किलोमीटरला एक ओहम रोध धरला तर नऊ हजार किलोमीटरला नऊ हजार ओहम, म्हणजे एक अँपिअर ढकलायला नऊ हजार व्होल्ट नुसत्या तारेतच खर्च. रिपीटरचं वेगळं. दोन्ही किनाऱ्यांवरून निम्मं निम्मं ढकलतात, एकीकडून धन, दुसरीकडून ऋण. परतीची तार? नाहीच. परतीचा रस्ता समुद्र. वस्तीवर कोणीतरी एक फेज आणि अर्थिंगवर बल्ब लावलेला तुम्ही बघितला असेल. तो धोक्याचा आणि बेकायदा, पण तत्त्व तेच.

इथंच टाचणीएवढ्या छिद्राची किंमत कळते. छिद्रातून पाणी तांब्याला लागलं आणि ती बाजू धन असली की तांबं विरघळायला लागतं. मुलामा चढवण्याची क्रिया, फक्त उलटी.

तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम चालेल का? बोअरवर कोणी तशी वायर टाकली तर मिस्त्री तोंड वाकडं करतात, जॉइंट तापतो म्हणून. पण समुद्रात हा प्रश्न आता खरंच विचारला जातोय. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहतं, म्हणून तेवढ्याच कामाला जाड लागतं, तरी वजन निम्मंच भरतं, आणि पैसेही कमी. लोंबत्या वजनाचा हिशेब आठवा, मग हलकेपणाचा मोह कळेल. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या आणि मुंबईलाही जोडल्या जाणाऱ्या ४५ हजार किलोमीटरच्या ‘टूआफ्रिका’ प्रकल्पात ॲल्युमिनियमची निवड झाली. रिपीटरच्या डब्याला मात्र साधं काही चालत नाही. तिथं बहुधा बेरिलियम मिसळलेलं तांबं असतं: ताकद पोलादाच्या तोडीची, खाऱ्या पाण्याला दाद न देणारं आणि आतली उष्णता पाण्यात सोडून देणारं. महाग आहे, पण साठ-शंभर किलोमीटरला एकच लागतं.

आता त्या जाड सापाकडे. जगभरात वर्षाला केबलीचे साधारण दीडशे ते दोनशे बिघाड होतात आणि त्यातले सत्तर-ऐंशी टक्के मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांमुळे. २०२४ मध्ये लाल समुद्रात ‘रुबीमार’ हे जहाज क्षेपणास्त्र लागून वाहत गेलं आणि त्याच्या ओढल्या गेलेल्या नांगरानं तीन केबली तोडल्या असं मानलं जातं. खोल समुद्रापेक्षा किनाऱ्याजवळचा उथळ समुद्रच केबलला घातक. म्हणून तिथं तिच्यावर जस्त चढवलेल्या लोखंडी तारांचा एक थर, कधी दोन, मध्ये डांबर आणि वरून पॉलिप्रॉपिलीनचा दोरा, म्हणजे खताचं पोतं ज्याचं विणतात तोच. पूर्वी तागाची सुतळी असायची. जाडी पन्नास मिलिमीटरपर्यंत जाते. शिवाय केबल तळाच्या गाळात मीटर-दोन मीटर पुरतात. पुरायला जहाजामागून एक अवजड अवजार ओढतात, ते तळात तास, म्हणजे चर, मारतं आणि केबल तासात बसवत जातं. त्यालाही नांगरच म्हणायचं. केबल तोडतो तो नांगर आणि वाचवतो तोही नांगर. मराठीत हे दोन्ही एकाच शब्दात सांगता येतं, याचा मला उगाच आनंद होतो.

“मग स्टेनलेसच्या तारा लावायच्या. गंजाचं नावच न्हाई.”

तात्यांच्या नव्या टाकीचं झाकण स्टेनलेसचं आहे, त्यामुळे त्यांचा स्टेनलेसवर फार विश्वास. पण स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकवायला त्याला प्राणवायू लागतो. गाळात पुरलं, वर डांबर फासलं, प्राणवायू बंद झाला आणि भोवती मीठ. मग एखाद्या सांदीत तो थर फुटतो आणि तिथंच खोल खड्डा पडत जातो, बाकी तार चकचकीत. साधं जस्त चढवलेलं लोखंड यापेक्षा प्रामाणिक. ते गंजतं, पण आधी जस्त जातं, सगळीकडून सारखं जातं आणि किती गेलं याचा अंदाज बांधता येतो. मंडपाची तार बघा, आधी पांढरी भुकटी येते, मग कितीतरी वर्षांनी तांबडा गंज. स्टेनलेस केबलमध्ये असतं ते अगदी आत, काचेभोवतीच्या नळीत, जिथं खारं पाणी पोहोचायचंच नसतं.

विजेच्या समुद्री केबलींचा माल थोडा वेगळा. घारापुरीला २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज गेली. मोठ्या दाबाच्या तशा केबलींत पॉलिइथिलीनच्या साखळ्या एकमेकींत गुंफून घेतात, म्हणजे तापल्यावर ते वितळत नाही. पण ओलावा आणि एसीचा दाब मिळून त्या प्लास्टिकमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म रेषा वाढत जातात. इंजिनिअर त्यांना पाण्याची झाडंच म्हणतात. त्या अडवायला वरून बऱ्याचदा शिशाचं आवरण देतात. शिसं जड, मऊ आणि विषारी, पण ओलाव्याला त्याच्याइतका चोख पहारेकरी दुसरा नाही.

हे सगळं बोलणं होईपर्यंत मिस्त्रींचा नवा जॉइंट तयार झाला होता. तारा खरडून, एकीला एक न भिडता पुढंमागं जोडून, प्रत्येकीवर रबरी टेप ओढून गुंडाळलेली, वरून आणखी थर. समुद्रात जोड लावणारेही तेच करतात, फक्त जास्त निगुतीनं. काच वितळवून जोडायची, पोलाद दाबून बसवायचं, तांबं सांधायचं आणि वरून गरम पॉलिइथिलीन साच्यात भरून मूळ थराशी एकजीव करायचं. मग त्या जोडाचा एक्स-रे काढतात, आत हवेचा बुडबुडा राहिलाय का बघायला. गटापर्चाच्या जमान्यात एक्स-रे नव्हता, तेव्हा गाभ्याची वेटोळी ७५ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात चोवीस तास बुडवून ठेवायचे आणि मग वीज गळते का ते मोजायचे.

मिस्त्रींनी बादली मागवली. जॉइंट पाण्यात सोडला आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, फिरवायला लागले. काटा हलला, सरकत सरकत पार शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. दहा मिनिटं तसाच ठेवला, पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच.

“आन ती समुद्रातली पंचवीस वर्षं वर काढतच न्हाईत?” तात्यांनी विचारलं.

“तुटली नाही तर नाही.”

“आन ही आपली?”

मिस्त्रींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, चेन सोडली आणि पहिला पाइप बोअरच्या तोंडाशी धरला.